ही साडी कधी फाटंल?

“वहिनी, ही साडी कधी फाटंल?”

दिवाळी पाडव्याच्या सकाळी नवी कोरी साडी नेसून मी फाटकाशी उभी होते. घडी मोडून अर्धा तासही झाला नसेल. नवऱ्याच्या तोंडून ‘छान दिसतेस’ एवढे दोन शब्द निघायला अजून बराच अवकाश होता, आणि त्याआधीच शेजारच्या सखाहरी अण्णांनी हा प्रश्न टाकला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सण आहे हे विसरून मी त्याची हजेरी घेतली असती. अण्णांना मात्र मी म्हणाले, “अजून दहाएक वर्षं तरी नाही हो.”

अण्णांचं तोंड उतरलं. “लई पक्की दिसती,” ते हळहळले. “असू द्या. फाटली की पयली मला.”

सखाहरी अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, अंगावरच्या कपड्याकडे बघतात. कॉलनीतली निम्मी माणसं त्यांना नावानं ठाऊक नाहीत. “ते निळ्या पॉपलीनवालं भेटलं का?” असं विचारलं की समजायचं कोपऱ्यावरचे कुलकर्णी. आमचे हे त्यांच्या लेखी ‘चौकडीचा शर्ट’. नागापूरच्या एकाच कारखान्यात दोघांनी इतकी वर्षं काढली, तरी यांनी साधा पांढरा सदरा घातला तर अण्णा क्षणभर परक्यासारखे बघत राहतात.

कपडा त्यांना हवा असतो वह्यांसाठी. अण्णा हातानं वह्या बांधतात आणि लोकांना भेट देतात. विकत नाहीत. लग्न, बारसं, सेवानिवृत्ती, कुणाची नवी नोकरी, कशालाही अण्णांची वही येते. आत कोरे कागद, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलेले, आणि वरून ज्याला द्यायची त्याच्याच घरातल्या जुन्या कपड्याचं वेष्टण. बाजारातलं नवं कापड त्यांना चालत नाही. “त्याला कुनाचा हात लागलाय? दुकानदाराचा!” असं म्हणून ते नवं कापड बाजूला सारतात.

तरुणपणी तिसगावहून नगरला आले तेव्हा कापडबाजारामागे इब्राहिमचाचा नावाचे एक बाइंडर होते, त्यांच्या दुकानात अण्णा दोन वेळच्या जेवणावर राहिले आणि हे काम शिकले. मग कारखान्यात पॅकिंग खात्यात लागले आणि सुई-दोरा सुटला तो सुटलाच. निवृत्त झाले आणि वर्षभरात बायको गेली. इंदूताई. त्या गेल्यावर काही महिन्यांनी अण्णांच्या ओट्यावर एकाएकी पुठ्ठे, कागद आणि खळीचं पातेलं दिसायला लागलं.

त्या पातेल्याविषयी सांगायला हवं. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट पेज, ती लागते वाटीभर. अण्णा मात्र ती शिजवतात एका भल्यामोठ्या स्टीलच्या पातेल्यात, ज्यात सत्यनारायणाचा शिरा होईल. एवढीशी खळ तळाला कुठंतरी बसलेली असते आणि अण्णा कोपरापर्यंत हात घालून ती ढवळत असतात. एकदा मी म्हटलं, “अहो, आमची छोटी कढई देऊ का?” तर म्हणाले, “न्हाई. ह्यात दुसरं काय शिजवनार मी?” मला वाटलं, एकट्या माणसाची अडचण सांगताहेत. मी दुसऱ्या दिवशी त्यांना पिठलं नेऊन दिलं.

कपडा पारखायची त्यांची एक पद्धत आहे. अंगठा आणि पहिलं बोट यांत कापड धरायचं, डोळे मिटायचे आणि चोळायचं. मग निकाल: “पाठीला टिकंल,” किंवा “पाठीला टिकायचं न्हाई.” वहीचा सगळा भार पाठीवर, असं त्यांचं म्हणणं. उघडली, मिटली, उघडली, मिटली, सगळे हाल पाठीचे. हा निकाल ते मग कपड्यापुरता ठेवत नाहीत. कॉलनीतला नवा रस्ता झाला तेव्हा टाच घासून त्यांनी सांगितलं, “पाठीला टिकायचा न्हाई,” आणि पहिल्या पावसाळ्यात तो वाहून गेला. त्यांची एकुलती एक लेक मनीषा, तिला स्थळ बघायला गेले तेव्हाही परत येऊन इंदूताईंना म्हणाले होते, “पोरगं बरं हाय. पन पाठीला टिकंल का?” जावई टिकला. पुण्यात दोघांचं छान चाललं आहे.

या पारखण्यापायी अण्णांनी थोडे घोटाळे केलेले नाहीत. तिसगावला भावकीत लग्न होतं. वराचे वडील सफारी घालून पंगतीत फिरत होते. अण्णांनी मागून जाऊन त्यांचा खिसा दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. वरपक्षाला वाटलं, खिसेकापू. चार जणांनी धरलं. अण्णा ओरडताहेत, “आरं, कापड बघतोय, कापड!” शेवटी वधूचा मामा मध्ये पडला म्हणून निभावलं. वर्षभरानं त्या सफारीची वही झाली, हेही सांगून टाकते. व्याह्यांनी स्वतः आणून दिली. पोट सुटल्यामुळे ती त्यांना होईना.

कारखान्यातल्या एका कडक सुपरवायझरांच्या निवृत्तीला अण्णांनी जी वही दिली ती त्यांच्याच निळ्या गणवेशाची होती, वरचा खिसा तसाच ठेवलेला. ते आयुष्यभर ज्या खिशाला पेन लावत त्याच खिशाला त्यांनी स्टेजवर पेन लावलं आणि त्यांना भाषण करवेना. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं मागून विचारलं, “म्हणजे दोरीवरून तुम्ही उचलला होता व्हय? मी तीन आठवडे शोधतीय!”

आणि घोडेगावच्या बाजारातले एक दलाल, अण्णांचे मेहुणे. जनावरांचा सौदा तिथं उघड बोलून होत नाही, रुमालाखाली हातात हात घालून बोटांवर होतो. अण्णांनी त्यांच्याकडून जन्मभराचा तो मळका रुमाल मिळवला आणि त्यांच्या साठीला त्याची वही करून दिली. दलालांनी ती उलटीसुलटी केली. “दाजी, ह्यात मी लिवू काय? माजा सगळा धंदा झाकून!” अण्णा म्हणाले, “लिवू नका. हात ठिवा नुसता.” आता ते पोळ्याला बैलांसोबत त्या वहीलाही हळद-कुंकू लावतात.

आमच्या तन्वीला त्यांनी चित्रवही दिली, तिच्या लहानपणच्या फुग्यांच्या फ्रॉकची. जाड कागद घालून. ती आता नाशिकला होस्टेलवर आहे आणि सोबत दुसरं काही न्यायचं विसरली तरी ती वही विसरली नाही. आम्हा सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं असतं: “लिवा, न लिवा, तुमची मर्जी. पन कपाटात ठिवू नका. हाताळा.”

एवढा गरीब माणूस, पण एका बाईशी त्याचं हाडवैर होतं. आमच्याकडे डोक्यावर टोपली घेऊन भांडेवाली येते. जुने कपडे द्यायचे, त्या बदल्यात स्टीलचं भांडं घ्यायचं. तिची हाळी कानावर आली की अण्णा हातातली सुई टाकून, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे बाहेर यायचे. आणि तिला गाठोडं सोडायला लावायचे. दुसऱ्यांच्या दारातून तिनं मिळवलेल्या साड्या एकेक करून बघायचे, परत घडी घालून ठेवायचे. घ्यायचे काहीच नाहीत. वर आम्हा बायकांना दटावायचे, “देऊ नका हिला! डब्याच्या झाकनासाठी साडी देता व्हय?”

“ह्यो म्हातारा माज्या पोटावर पाय देतोय,” ती बिचारी करवादायची. “येक दिस ह्यालाच टोपलीत घालून नेते.” आम्ही हसायचो. माणूस वह्यांच्या नादानं अर्धा खुळा झालाय असं आमचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा राग यायचा. माझ्या दोन धड साड्यांवर ठरलेला चांगला कुकर त्यांनी मोडता घालून घालवला होता.

गेल्या माघात मला मनीषाचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण माहेरी करणार कोण? ती सासरीच राहणार होती. त्याबद्दल ती काही बोलली नाही. वेगळंच बोलली.

“काकू, मी बाबांकडे एक मागितलंय. आईच्या साडीची वही. बाळाचं काय काय लिहून ठेवीन म्हणते. सगळ्या जगाला करून देतात, मला अजून एकही दिली नाही त्यांनी. विचारलं की म्हणतात करतो, करतो, आणि फोन ठेवून देतात. आईची घरातली एखादी तरी साडी असेलच ना हो? तुम्ही जरा बघता का?”

मी तणतणतच गेले. मनात म्हटलं, व्याह्याच्या सफारीची वही होते, बैलबाजारातल्या फडक्याची होते, आणि पोटच्या पोरीनं मागितली तर हा माणूस चालढकल करतो. अण्णा ओट्यावर बसले होते. पुढ्यात दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली एक वही होती. शिवण इतकी नेटकी की वाटावं छापली आहे. फक्त वेष्टण नव्हतं. उघडी पाठ, पांढरे दोरे दिसताहेत.

“मनीषाची ना ही?” मी विचारलं.

“व्हय.”

“मग साडी कुठंय? काढा कपाटातनं. मी शोधून देते.”

अण्णांनी शेजारच्या पातेल्याकडे बोट केलं.

मला समजलं नाही. मी पातेल्यात वाकून बघितलं. तळाला वाटीभर खळ.

“साड्या ह्याच्यात गेल्या, वहिनी,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तेराव्याला भावजया आल्या होत्या, चांगल्या साड्या रीतीप्रमाणे त्या घेऊन गेल्या. रोजच्या नेसायच्या राहिल्या. “त्यातल्या दोन दोरीवर हुत्या. तिनंच वाळत घातलेल्या. दवाखान्यात न्यायच्या दिवशी. मी काढल्याच न्हाईत. रोज सकाळी दार उघडलं की त्याच दिसायच्या. वाऱ्यानं हालल्या की वाटायचं, पलीकडं उभी हाय. लई दिवस असं. मग ती टोपलीवाली आली. मी दोरीवरच्या काढल्या, कपाटातल्या काढल्या, परकर-पोलकी सगळं बांधलं आन् दिलं तिला. म्हनलं, कापड गेलं की सुटंल. तिनं हे पातेलं काढून दिलं. घासाघीस सुदीक केली न्हाई. म्हनली, बाबा, लई हाय हे, आनखी येक डबा घ्या. मी म्हनलं, नको. घिऊन जा.”

ते खळ ढवळू लागले. ढवळायची काहीच गरज नव्हती.

“चार दिसांनी मला कळलं मी काय केलं. तिला शोधलं. ती म्हनली, तो माल तवाच फुडं गेला, कुठं गेला मला काय ठावं. तरी वाटतं, कवा तरी गाठोड्यात येकादी निघंल.”

म्हणजे ते गाठोडं सोडणं त्यासाठी होतं. कॉलनीभर ज्याची आम्ही टिंगल केली, नकला केल्या, ते त्यासाठी होतं. मला फार वाईट वाटलं. कुकरचा राग आठवून तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मनीषाला काय सांगू?” ते म्हणाले. “तुजी आई मी भांड्यावर दिली, असं सांगू?”

मी घरी आले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच. माझ्या डोक्यात इंदूताई फिरत होत्या. ओट्यावर बसलेल्या, पाय पसरून, मांडीवर शिवण. आणि एकदम आठवलं, ती शिवण कशाची होती.

तन्वीच्या वेळी मला आठवा महिना असताना इंदूताई आपली एक जांभळी सुती साडी घेऊन आल्या होत्या, पांढऱ्या ठिपक्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. “नव्या कपड्यात बाळ निजत न्हाई बाई,” म्हणून त्यांनी स्वतः बसून गोधडी शिवली होती. बाळाच्या अंगाला लागते ती बाजू त्यांच्या साडीची, बाहेरून माझ्या सासूबाईंचं लुगडं. तन्वी मोठी झाली आणि गोधडी दिवाणात गेली. एवढी वर्षं ती आमच्या दिवाणात होती, आणि भिंतीपलीकडचा माणूस भांडेवालीची गाठोडी सोडत बसला होता.

मी दिवाण उपसला. गोधडी तळाशी होती. तशीच उचलून अण्णांच्या ओट्यावर नेली आणि आतली बाजू वर करून त्यांच्यासमोर पसरली.

अण्णांनी सवयीनं अंगठा आणि बोट पुढे केलं. कापड धरलं. डोळे मिटले. पण चोळलं नाही. मग अख्खा तळवा ठेवला, आणि तो तसाच ठेवून बसले. मी दुसरीकडे बघत राहिले.

“पाठीला टिकायचं न्हाई,” ते म्हणाले. “इरलंय.”

“मागून कागद लावा ना. तुम्ही लावता की तसा.”

“लावता यील.” त्यांनी कात्री हातात घेतली. गोधडीच्या कडेला आणली. शिवणीवर बोट फिरवलं. इंदूताईंचे टाके काही सरळ नव्हते, एक लांब, एक आखूड, मध्येच वळलेले.

“टाका वाकडाच घालायची,” अण्णा म्हणाले. “लई बोललो मी तिला त्यावरनं. पावनेरावळे असले तरी बोलायचो. इब्राहिमचाच्याचा हात बघितलेला मानूस मी, मला मोठी ऐट. ती म्हनायची, बाळाला काय कळतंय वाकडं हाय का सरळ.” त्यांनी कात्री खाली ठेवली. “हे उसवायचं म्हनजे… न्हाई वहिनी. येक वेळ हातानं घालवलं. आता पुन्हा हातानं कापू कसं?”

“मग गोधडीच द्या मनीषाला,” मी म्हणाले. “बाळासाठीच शिवलेली आहे. एक बाळ वाढलं तिच्यात, दुसरं वाढेल.”

“तन्वीची हाय ती.”

“तन्वीला मी सांगते. ती काय म्हणणार आहे ते मला माहीत आहे.”

अण्णा एसटीनं पुण्याला गेले. गोधडी मांडीवर धरून गेले, वर रॅकवर ठेवली नाही, असं कंडक्टरशी झालेल्या वादावरून नंतर कळलं. उघड्या पाठीची वहीही सोबत नेली. पातेल्याचं लेकीला सांगायला त्यांना दोन दिवस लागले. मनीषानं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. “काकू, मी खूप रडले. आधी रागानं रडले. मग बाबांकडे बघून रडले.” आणि म्हणाली, “वही तशीच ठेवून घेतली मी. त्यांना म्हटलं, वरून काही लावू नका. आईचं नाही तर दुसऱ्या कुणाचं नको.”

मनीषाला मुलगी झाली. ती त्या गोधडीत निजते, फोटो आला आहे. जांभळी बाजू आत असल्यामुळे फोटोत दिसत नाही, तरी अण्णा मोबाईल डोळ्याजवळ नेऊन गोधडीची दुमडलेली कड शोधत बसतात. नातीचं तोंड त्यांनी नंतर बघितलं, असं मी पैजेवर सांगते.

वह्या चालू आहेत. खळही त्याच पातेल्यात शिजते. भांडेवाली आली की अण्णा आता धावत येत नाहीत, ओट्यावरूनच मान वर करतात आणि परत सुईत दोरा ओवायला लागतात. तिलाच चुकल्यासारखं होतं. मागच्या खेपेला तिनं आपणहून त्यांच्या दारात गाठोडं ठेवलं. “बाबा, बगायचं न्हाई का?” अण्णांनी नुसती मान हलवली आणि तिला पाणी दिलं.

परवा मी शाळेतून शिकवून येत होते. तीच पाडव्याची साडी नेसले होते. दारातल्या खिळ्यानं सकाळी निघतानाच तिचा काठ फाडला होता. अण्णा ओट्यावर होते, आणि नजर अर्थातच साडीवर. मीच होऊन म्हणाले, “अण्णा, तुमचा नंबर लागला बरं का. फाटली ही. शनिवारी धुऊन आणून देते.”

अण्णा उठून फाटकाशी आले. काठ बघितला. अंगठा आणि बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

“एवढ्यानं फाटत न्हाई, वहिनी. टाका घाला. वाकडा पडला तरी चालंल.” ते परत फिरले. ओट्याच्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता, आमच्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत म्हणाले, “नेसा अजून. धुवा, वाळत घाला, परत नेसा. दोरीवर दिसू द्या.”